दादाच्या सायकलमागे

सायकल चालवायची ती चढावर, असं माझा थोरला भाऊ म्हणायचा. सपाटीवर काय, कोणीही चालवील. आमच्या मालवण भागात मुळात सपाटी शोधावी लागते, ही गोष्ट वेगळी. किनारा पाठीमागे टाकून कसालकडे तोंड केलं की रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा चढतो; दोन्ही अंगांना जांभ्याचे उघडे सडे आणि काजूच काजू. रविवारी आम्ही दोघे भाऊ उगाचच वीस-पंचवीस मैल हाणून यायचो. काम ना धाम, आणि परत यायचं ते तांबड्या धुळीने माखून. गाव म्हणायचं, ‘दोघांकय खूळ लागलाहा.’ मी भांडायला उठायचो, माझं डोकं पहिल्यापासून तापट. दादा नुसता हसायचा. त्याला उतारांचं वेड होतं. माथ्यावर पोचला की पाय थांबवून सायकल मोकळी सोडायचा आणि खालचं वळण अगदी अंगावर आल्याशिवाय ब्रेकला हात लावायचा नाही.

तेव्हा आपल्याकडे दारूबंदी होती आणि गोव्यात अजून पोर्तुगीज होते. दादा मुंबईत चार वर्षं कारकुनी करून परत आला होता. तिथलं पाणी त्याला मानवलं नाही. आता वय उलटत चाललं होतं, नोकरी नाही म्हणून लग्न अडलं होतं, आणि घरात ते कोणी बोलत नव्हतं इतकंच. आदल्या वर्षी एका शाळेत मास्तरची जागा निघाली. मुलाखतीला जायला दादा बेड्यातून, कुंपणाच्या फाटकातून, बाहेर पडला आणि मी मागून ओरडलो, “दादा, दाखले ऱ्हवले!” तो परत आला, दाखले घेऊन गेला. जागा दुसऱ्याला मिळाली. आता दाखल्यांशिवाय त्याला तिथे उभं तरी केलं असतं का? पण हे आईला कोण सांगणार! चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की काम नासलंच, हे तिचं पक्कं. मीच नाट लावला. महिनाभर ती माझ्याशी धड बोलली नाही, आणि बोलायला लागली तेव्हाही पहिल्यासारखं नाहीच. दादा शिकलेला, तो असलं काही मानत नसे. पण त्या पावसाळ्यात एकदा मला म्हणाला, “तरी तू ओरडूक नको होतंस.” ते मला फार लागलं.

दुसऱ्या वर्षी वैशाखात कणकवलीच्या एका शाळेतून बोलावणं आलं. अकराची वेळ, आणि सकाळची एसटी त्या आठवड्यात बंद. दादा म्हणाला, सायकलने जातो. मी आदल्या दिवशी संध्याकाळी त्याची सायकल खोलली. गेल्या वर्षीचं काहीतरी फेडावं असं माझ्या मनात होतं. मागचा ब्रेक नावालाच होता, रबर झिजून पत्रा दिसायचा आणि नवं रबर मालवणात मिळालं नव्हतं. म्हणून पुढचा तरी नीट करू म्हटलं. पुढच्या ब्रेकची दांडी हँडलखाली एका बोल्टने अडकवलेली असते. तो बोल्ट आणि त्याचा नट मी रॉकेलच्या करवंटीत टाकले, बोल्ट पुसून-पासून पुन्हा जागेवर बसवला, तेवढ्यात पानं वाढली. जेवून आलो आणि चाकात हवा भरायला लागलो.

सकाळी आईने देवापुढे गाऱ्हाणं घालून नारळ फोडला, दादाच्या हातावर दही दिलं. दाखले त्याने तीनदा तपासले. घरापुढच्या खळ्यात उभं राहून ब्रेक दाबून बघितला, लागला. “येतंय गो आये,” म्हणाला आणि निघाला. आई पायरीवर हात जोडून उभी राहिली. मी रात्रीची करवंटी फेकायला उचलली. तळाशी नट होता.

दादा बेड्याबाहेर वीस-पंचवीस पावलांवर होता. एक हाक, बस. माझं तोंड उघडलंही होतं. आईने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आदल्या वर्षी पाहिली होती. मी तोंड मिटलं. मनात हिशोब केला, बोल्ट आत घट्ट बसलेला आहे, दोन मैल तरी हलणार नाही, तोवर मी त्याला गाठतो, बाजूला जातो, समोरून थांबवतो. समोरून थांबवायला कसलीच आडकाठी नाही. किती शहाणा मी! शेजारच्यांची सायकल न विचारता काढली, नट खिशात टाकला आणि आईला म्हटलं, “जरा येतंय.”

पहिला चढ मी उभ्यानेच मारला. माथ्यावरून बघितलं तर रस्ता रिकामा. दादा चढावर माझ्यापेक्षा सरस, आणि त्या दिवशी तर त्याला वेळेवर पोचायचं होतं. दुसऱ्या उतारावर मी एका हाताने ब्रेक दाबत होतो आणि डोळे जमिनीवर. हवा हलत नव्हती. काजूची बोंडं झाडाखाली पडून सडत होती, आणि खालच्या ओढ्याच्या, व्हाळाच्या बाजूने त्याच रसाचा आंबूस, डोक्यात जाणारा वास येत होता. चोरट्या दारूची भट्टी लागली असणार. खाली दोन बायका टोपलीत बोंडं गोळा करत होत्या. मी सायकल न थांबवताच विचारलं, “एक सायकलवालो गेलो काय गो हयसून?”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या दिवसांत घाईघाईने सायकल हाणत येणारा आणि चौकशी करणारा माणूस म्हणजे भट्टी पकडायला आलेला, हे तिथे तान्ह्या पोरालाही ठाऊक. मागे झाडीत कोणीतरी शीळ घातली. थोरली म्हणाली, “आमी कोणाक बघूक नाय.” मी चिडून काहीतरी वेडंवाकडं बोललो. तेवढ्यात ती व्हाळाकडे चालू लागलीसुद्धा.

पुढच्या चढाच्या मध्यावर मला तो दिसला. बोल्ट. तांबड्या मातीत, चाकाच्या रेघेशेजारी पडलेला, आदल्या दिवशी मीच पुसून चकचकीत केलेला. मी तो उचलून खिशात टाकला. दादाच्या सायकलला आता पुढचा ब्रेक नव्हता, आणि चढावर ब्रेकची गरज लागत नाही, म्हणजे त्याला ते कळलेलंही नव्हतं. वर माथा, आणि माथ्यापलीकडे त्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा उतार, तळाशी मोरीवर काटकोनात वळणारा.

मी कसा चढलो मला आठवत नाही. माथ्यावर आलो आणि दादा समोर होता, चाळीसेक पावलांवर. तो पांढरा सदरा, कॅरिअरला बांधलेली दाखल्यांची पिशवी. हळू चालला होता, दम घेत होता. मी हाक मारली नाही. का नाही मारली, ह्याची उत्तरं मी आयुष्यभर बदलत आलो आहे. आईची भीती म्हणा. पुन्हा काम नासलं तर ह्या वेळी दादाही माझ्याशी बोलणार नाही, ही भीती म्हणा. खरं म्हणजे मला वाटलं, दोन पेडल मारले की गाठलाच. मी घंटी वाजवली. जोरजोराने, न थांबता वाजवली.

दादाने मागे वळून बघितलं नाही. त्या दिवशी तोही सगळं पाळत होता, निघाल्यावर मागे न बघणंसुद्धा. घंटी ऐकून तो शहाण्यासारखा डावीकडे सरला, आणि उजवा हात काढून ‘जा पुढे’ अशी खूण केली. मग त्याने पाय थांबवले आणि सायकल मोकळी सोडली.

तेव्हा मी ओरडलो. घसा फाटेपर्यंत ओरडलो, पण त्याच्या कानात वारा भरला होता.

मोरीखाली पडलेल्या दादाकडे व्हाळातले भट्टीवालेच पहिले धावून आले. त्यांनीच त्याला वर काढलं, त्यांनीच गाडी जुंपली. दवाखान्याच्या वाटेवर गाडी सुकळवाड गावापर्यंतही पोचली नाही, तेवढ्यात तो गेला.

बाराव्या दिवसापर्यंत आई एकाच गोष्टीच्या मागे होती. काय चुकलं? नारळ ठीक फुटला होता, दही दिलं होतं, मांजर आडवं गेलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, “कोणी पाठसून हाक मारल्यान काय रे तेका?” शेजाऱ्यांनी शपथा घेतल्या. शेवटी ती माझ्यापाशी आली. बोल्ट आणि नट दोन्ही तेव्हा माझ्या खिशात होते. त्यांचं मी तिला सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि ती असेपर्यंत कधीच नाही.

“तू मारलंस?” तिने विचारलं.

“नाय गो आये.”

“बरा केलंस,” ती म्हणाली, आणि आदल्या वर्षीच्या त्या मुलाखतीनंतर पहिल्यांदाच तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.