स्टँडवाल्यांचा दिनविशेष

सोलापूर जिल्ह्यात या गृहस्थांचा आवाज ज्याने ऐकलेला नाही असा माणूस सापडणं अवघड, आणि ऐकून त्यावर विश्वास ठेवला असा सापडणं त्याहून अवघड. सारी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवरच्या एका खोलीत माईकसमोर बसून गाड्या पुकारण्यात घालवली. मंगळवेढा, बार्शी, वेळापूर ही नावं ते अशा थाटात घ्यायचे की जणू तिथे कोणाचा तरी राज्याभिषेक आहे आणि तुम्ही उशीर करताय. मात्र भरात आले की बार्शीच्या गाडीला मंगळवेढ्याची म्हणून मोकळे व्हायचे. त्यामुळे लोक त्यांच्या आवाजाने बाकावरून उठायचे आणि पाटी वाचून मगच गाडीत चढायचे. यात आपला काही कमीपणा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. “माणसं उटली न्हवं? मग झालं की,” असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

मी त्यांना ओळखू लागले ते मात्र ते निवृत्त झाल्यावर, डायलिसिसच्या हॉलमध्ये. आमच्या यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा या हॉलची वाट धरावी लागली. हे सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. सुईच्या अग्राएवढी रेघ हलली तरी यांना चालायची नाही, आणि आता शरीराचाच नकाशा चुकलेला. पहिल्या दिवशी यांच्या हातात दोन जाड सुया गेल्या, नळ्या लाल झाल्या, यंत्र गुरगुरू लागलं. हॉलमधली बाकीची माणसं अंगावर चादरी ओढून पडलेली, कोणी जागं आहे की नाही तेही कळेना. मी यांच्या पायाशी स्टुलावर बसून रडू आवरत होते. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून तो ओळखीचा आवाज आला. “प्रवासी मंडळींनी इकडे लक्ष द्यावे. आजच्या दिवशी, अनेक वर्षांपूर्वी, सोलापुरात एका इंग्रज साहेबाने प्रथमच कडक भाकरी खाल्ली. त्याचा दात पडला. त्यानंतरच इंग्रजांनी हा देश सोडण्याचे मनावर घेतले.” चादरींच्या आतून हसू फुटलं. सिस्टरही हसल्या. फक्त हे हसले नाहीत. मान न वळवता यांनी विचारलं, “हे कुठे लिहिलंय?” शेजारून शांतपणे उत्तर आलं, “इंग्रजांनी लिवलं न्हाय, साहेब. लाज वाटली असंल की.”

हॉलमध्ये सगळे त्यांना ‘स्टँडवाले’ म्हणत. काळे, उंच, हाडांवर कातडं ताणून बसवल्यासारखे. काखेत नेहमी त्या दिवसाचा घडी केलेला पेपर. त्यांना दोन भाषा येत. माईकवरची शुद्ध, आणि मंगळवेढ्याकडची घरची. दिनविशेष शुद्ध भाषेत व्हायचा. आजच्या दिवशी जगात पहिली शेंगाचटणी कुटली गेली, आजच्या दिवशी एका राजाने तहान लागली म्हणून तह केला, असं काहीही. मग विनोद व्हायचा, तो घरच्या भाषेत आणि बहुतेक वेळा पथ्याबद्दल. किडनीच्या माणसाची भाजी आधी उकळून तिचं पाणी फेकून द्यावं लागतं. स्टँडवाले म्हणायचे, आमच्या घरातली सगळी ताकद मोरीवाटे गटारात जाती, गल्लीतल्या उंदरांकडं बघा, तालमीत घालाय झाल्यात. पाण्याचंही तेच. सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांनी येतं आणि आल्यावर भांडणं होतात. “समद्या गावात पाण्याबद्दल तक्रार नसल्याला मी एकलाच. मला वाटीभर पुरतं,” असं ते म्हणत, आणि बोलता बोलता कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत. त्या उन्हाळ्यात हॉलमधल्या प्रत्येकाच्या ओठांवर तसाच पांढरा पापुद्रा होता. हसताना तो चिरायचा आणि रक्त यायचं. तरी लोक हसायचे.

शेवटी असायचं ते त्यांच्या स्वतःच्या मनातलं काहीबाही. ते कोणाला उद्देशून नसे. एकदा म्हणाले, “काल दुपारभर पंख्याचा आवाज ऐकत पडलो हुतो. ह्यो बिचारा जलमभर पळतोय आन् कुटंच जाईना. मग ध्यानात आलं, माजंबी तसंच हाय. मी इतक्या गाड्या सोडल्या, पर मी कवा बसलो न्हाय.” यावर कोणी हसायचं नाही. मग तेच म्हणायचे, “हितं हसायचं नव्हतं, बरं झालं हसला न्हाय.”

त्यांची सगळ्यात मोठी चाहती होती शहराच्या पूर्व भागातली एक तरुण बाई. घरात तेलुगू, नवरा यंत्रमागावर चादरी विणणारा. तो तिला पोचवून कामावर पळायचा, त्यामुळे ती एकटीच असे. आत आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, “मामा, आज काय झालं ओ?” आणि मामा तिच्यासाठी खास काहीतरी घडवायचे. आजच्या दिवशी एका राणीने तेलुगू शिकण्यासाठी राज्य सोडले, वगैरे. ती तोंडावर पदर धरून हसायची आणि यंत्राची घंटा वाजायची. सिस्टर ओरडायच्या, हात हलवू नका म्हणून.

यांना मात्र हे सगळं असह्य व्हायचं. हे मोबाईलवर खरा दिनविशेष शोधायचे आणि वकिलासारखे मुद्दे मांडायचे. तुम्ही सांगितलेला राजा त्या शतकात नव्हताच, तो तह त्या नदीकाठी झालाच नाही. स्टँडवाले प्रत्येक वेळी म्हणायचे, तुमचं बरोबर हाय साहेब, आणि पुढच्या वेळी आणखी मोठं काही सांगायचे. एकदा यांनी चिडून मोबाईलच त्यांच्या मोकळ्या हातात दिला आणि म्हणाले, स्वतः वाचा. स्टँडवाल्यांनी तो डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “व्हय. तुमचं बरोबर हाय.” यांनी मोबाईल परत घेतला आणि खिशात ठेवला. घरी जाताना रिक्षात मला म्हणाले, “पडदा केव्हाच बंद झाला होता. काळ्या काचेकडे बघून तो बरोबर आहे म्हणाला. त्याला दिसत नाही.” त्यानंतर यांनी त्यांची एकही चूक काढली नाही. आणि खरं सांगायचं तर ते जास्त भयाण वाटायचं.

पुढे एका दिवशी तेलुगू बोलणारी ती पोरगी आली नाही. पुढच्या वेळीही आली नाही. तिच्या खाटेवर एक म्हातारबाबा झोपले होते. मी सिस्टरना विचारलं. त्या सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाल्या, “त्यांनी सेंटर बदललं.” हॉलमध्ये मरण हा शब्द कोणी उच्चारत नसे, हेच वाक्य असे, आणि ते ऐकलं की सगळ्यांना समजे. त्या दिवशी सगळे स्टँडवाल्यांच्या आवाजाची वाट बघत होते. खूप उशिराने ते बोलले, “प्रवासी मंडळींनी इकडे लक्ष द्यावे. आजच्या दिवशी काहीही झालेलं नाही.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्याच आठवड्यात यांनी जायचं नाकारलं. सकाळी मी रिक्षा बोलावली तर हे म्हणाले, परत पाठव. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “मला पुरे झालं आता.” मी समजावलं, रडले, नातेवाइकांकरवी फोन करवले. डॉक्टर फोनवर म्हणाले, नाही आणलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. दुसरी खेपही चुकली. पाय सुजून उशीसारखे झाले. आडवं पडलं की श्वास लागायचा, म्हणून हे बसून झोपायचे. मला यांच्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघायला काही नव्हतं.

अशा एका दुपारी दार वाजलं. बाहेर स्टँडवाले, आणि त्यांचं मनगट धरून त्यांची बायको. हॉलमध्ये त्या कधी आत यायच्या नाहीत, बाहेरच्या बाकावर बसायच्या. डोक्यावरून पदर घेतलेल्या, लहानखुऱ्या. इतक्या उन्हात दोन रिक्षा बदलून ती दोघं आली होती. त्यांनी नवऱ्याला खुर्चीपर्यंत नेलं आणि त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून दिला. मी चहाचं विचारलं. स्टँडवाले म्हणाले, “नको वहिनी, माजी आजची वाटी संपली.”

हे भिंतीला टेकून बसले होते. आधी हेच म्हणाले, “तुम्हाला दिसत नाही, हे मला माहीत आहे.”

“मलाबी म्हाईत हाय,” स्टँडवाले म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. साखरेनं डोळे खाल्ले, त्याला वर्ष होऊन गेलं. पूर्वी ते पेपरात वाचून खराच दिनविशेष सांगायचे. नंतर अक्षरं गेली, तेव्हा मनानं सांगू लागले. बायकोला वाचता येत नाही, मुलगा लांब नोकरीला. पेपर मात्र बंद केला नाही, कारण काखेत असला म्हणजे घरातून निघाल्यासारखं वाटतं. मग ते जरा पुढे झुकले. “साहेब, ती पोरगी गेल्यापास्नं मला काय सुचंना झालंय. खोटं सुचाया बी जीव लागतोय. परवा निस्ता पडून हुतो, तर पलीकडचं म्हातारं इचारतंय, आज काय झालं. काय सांगू मी त्येला? तुमी वाचून दाकवा. वाचायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. निस्त्या माज्या चुका काडाया तरी या.”

यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता हे काही बोलायचे नाहीत. त्यांच्या बायकोनेही तसंच समजून उठायला पदर सावरला. तेव्हा डोळे मिटलेलेच ठेवून हे म्हणाले, “ते इंग्रजाच्या दाताचं पुन्हा सांगायचं नाही.”

“न्हाय सांगत,” स्टँडवाले म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे हॉलला गेले.

त्यानंतर हिवाळ्यापर्यंतचा काळ मला जपून ठेवलेल्या कपड्यासारखा वाटतो. हे सकाळी उठून चष्मा लावून दिनविशेष शोधायचे, हॉलमध्ये स्टँडवाल्यांना हळू आवाजात वाचून दाखवायचे आणि ते मोठ्याने पुकारायचे. कुठल्या तरी देशात पूल झाला, कुठे धूमकेतू दिसला. स्टँडवाले पुलाखाली मंगळवेढ्याची ज्वारी पेरायचे आणि धूमकेतूच्या शेपटीला बार्शीची गाडी बांधायचे, मग हे कपाळावर हात मारायचे. दोघांचं भांडण चालू असलं की यंत्राचे चार तास कधी संपायचे ते कळायचं नाही. सुया मात्र दर वेळी तेवढ्याच दुखायच्या. यांचं वजन उतरत गेलं. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरली होती तेव्हा, हॉलला जायला निघताना हे बूट घालायला खाली वाकले ते वर उठलेच नाहीत.

स्टँडवाले स्वतः उन्हाळा संपता संपता गेले. त्यांच्या दहाव्याला मी गेले होते. पण मला ते आठवतात ते यांच्यानंतरच्या त्या दिवशीचे. यांची शाल हॉलमधल्या कपाटात राहिली होती, ती आणायला मी गेले होते. पावलं न वाजवता परत फिरायचं ठरवलं होतं, पण स्टँडवाले म्हणाले, “वहिनी का?”

मी त्यांच्या खाटेपाशी गेले. ते छताकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, “सिस्टर म्हनल्या, साहेबांनी सेंटर बदललं.”

मी हो म्हटलं.

“कुटं? पुण्याला?”

“हो. पुण्याला.”

“बरं झालं. पुण्याला गाड्या लई हायत.”

मी स्टुलावर बसले. यंत्र चालू होतं. मग ते म्हणाले, आज मला इतिहास नको, साहेबांचं कायतरी सांगा. मी कपाटाची गोष्ट सांगितली. लग्नानंतर यांनी लोखंडी कपाट घेतलं होतं. जिना स्वतः मोजला, कागदावर नकाशा काढला, आणि कपाट नेमकं जिन्याच्या वळणात अडकलं. दिवसभर हे वर आणि मी खाली. चहाचा कप मी कपाटावरून सरकवून द्यायची आणि हे पलीकडून म्हणायचे की माप बरोबर आहे, जिनाच चुकलाय. शेवटी संध्याकाळी कपाटाची दारं उचकटली तेव्हा ते निघालं.

स्टँडवाले आधी नुसते छातीत हसले. मग खाकरले, आणि हॉलभर तो आवाज घुमला. “प्रवासी मंडळींनी इकडे लक्ष द्यावे. आजच्या दिवशी, सोलापूर शहरात, एका थोर नकाशेकाराने मापे घेऊन आणलेले कपाट जिन्यात अडकले. चहा कपाटावरून देण्यात आला. कपाट आजही तिथेच आहे, आणि माप बरोबर आहे.” चादरी हलल्या. माणसं हसली. त्यातल्या कितीजणांना तो नकाशेकार ठाऊक होता, मी बघितलं नाही. मीही हसत होते.

त्यांच्या सुया निघेपर्यंत मी थांबले. त्या दिवशी त्यांच्या बायकोला ताप होता, म्हणून मीच त्यांचा दंड धरून त्यांना रिक्षापर्यंत नेलं. उन्हात पोचल्यावर ते थांबले. चेहरा माझ्याकडे नव्हता, रस्त्याकडे होता.

“वहिनी, पुण्याची गाडी लांबची. साहेबांना बसायला जागा मिळाली असंल न्हवं?”

“मिळाली,” मी म्हटलं. “खिडकीजवळची.”

ते मान हलवत रिक्षात बसले. मी त्यांचे पाय आत घेतले आणि रिक्षावाल्याला त्यांचा पत्ता सांगितला.