वेगळं ठेवलेलं पेट्रोल

झिंगू मडावीच्या गावात एकच मोटारसायकल आहे आणि ती त्याची आहे. आलापल्लीचा डांबरी रस्ता सोडून सागाच्या जंगलातली मुरमाची वाट धरली, की अकरा किलोमीटरवर हे गाव लागतं. मधे एक नाला आहे. गावात फोन लागत नाही. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते. म्हणून गेल्या बारा वर्षांत ज्याला ज्याला दवाखाना गाठायचा होता, तो झिंगूच्या कमरेला धरूनच गेला. मीही एकदा गेलो, अंगात हिवताप घेऊन. उतरताना मी खिशात हात घातला तर तो रागावला. "गाडी माही हाय, पण वाट सगळ्यायची हाय," म्हणाला.

गाडी जुनी, शंभर सीसीची. चढावर तिचं इंजिन टकटक वाजायचं आणि झिंगूचा जीव वर-खाली व्हायचा.

शिमग्याला त्याचा पुतण्या पवन चंद्रपूरहून आला. तिथे तो गाड्यांच्या दुकानात कामाला आहे. काकासाठी त्याने पाच लिटरचा डबा भरून पेट्रोल आणलं होतं.

"काका, हे पंच्याण्णव नंबरचं हाय. आपलं साधं एक्क्याण्णव राहते. मोठ्या गाड्या हेच पेतात."

झिंगूने झाकण उघडून वास घेतला. वास नेहमीसारखाच होता, पण त्याला तो वेगळा वाटला.

दुसऱ्या बाजाराला तो आलापल्लीला गफ्फार मिस्त्रीकडे गेला. गफ्फारभाऊ तीस वर्षं गाड्या उघडून बसलेला माणूस. त्याने टकटक ऐकली आणि पान्याने दोन नट फिरवले.

"इंजिनाचे वाल्व ढिले झाले होते. पेट्रोलाचा दोष नाई."

"पण भाऊ, नंबर जास्त तं ताकद जास्त, नाई का?"

"कोन सांगतलं? नंबर ताकदीचा नसते बाबा. इंजिनात दाब पडला की पेट्रोल वेळेआधी भडकते. ते किती दम धरते, त्याचा नंबर हाय तो. मोठ्या इंजिनात दाब लय, तिथी ते पाहिजे. तुया इंजिनात दाबच किती? चाय ठेवाले सागाचा ओंडका लागते का? काटक्याईनं होते. अन् ते ठेवू नको, आठ दिवसांत गाडीतच जाळून टाक."

झिंगू मान हलवत घरी आला. पण त्याच्या मनात एकच गोष्ट उरली: ते मोठ्या कामाचं आहे.

आणि मोठ्या कामाची वस्तू कशी ठेवायची, हे त्याला मिस्त्रीने शिकवायची गरज नव्हती. त्याच्या घरात नवं धान्य देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. नव्यात जुनं मिसळत नाही. चांगलं ते आधी बाजूला निघतं आणि आपल्या वेळेची वाट पाहतं. झिंगूने डबा धान्याच्या ढोलीमागे ठेवला. झाकणाचा आटा तुटला होता, म्हणून तोंडात चिंधी कोंबून वरून प्लास्टिक बांधलं. ठरवलं, की हे दवाखान्यासाठी. ज्याच्या जिवावर बेतेल, त्याच्यासाठी.

त्याची बायको सुकरी हसायची. "मले कधी बसवशीन त्या पेट्रोलावर?"

"तू आधी बिमार पड, मंग बसवतो."

"पडतो ना. पण तू टाकी धुऊन ठेव, मी काई उष्ट्या पेट्रोलावर नाई बसत!"

उन्हाळा गेला. रोहिण्या, मृग गेले. आषाढात पाऊस लागला, भिंतींना ओल चढली. डबा ढोलीमागेच होता.

एका सकाळी सुकरी सात्या आणायला गेली. वारुळावर उगवणारी ही पांढरी अळंबी वर्षातून थोडेच दिवस मिळते. वारुळाच्या कडेला तिने हात घातला आणि आतल्या नागाने तो धरला. ती आपल्या पायांनी घरी आली. टोपली खाली ठेवून म्हणाली, "डसला."

झिंगूने गाडी बाहेर काढली. टाकीत दोन लिटर साधं पेट्रोल होतं. कालच तो त्यावर नाला ओलांडून आला होता. पण आज सुकरी बसणार होती. त्याने नळी ओढली, साधं पेट्रोल दोन बाटल्यांत काढून ठेवलं आणि ढोलीमागचा डबा पूर्ण टाकीत ओतला.

भावजय नीलाबाई ओरडली, "काय करून राह्यला? चाल ना!"

"चांगलं टाकून राह्यलो," तो म्हणाला.

गाडी पहिल्या किकेत लागली. मधे सुकरी, मागे तिला धरून नीलाबाई. नाल्याच्या अलीकडे, दीड किलोमीटरवर, गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

त्याने प्लग काढला, पुसला, बसवला. किक मारली. पुन्हा काढला. वायर पाहिली, फिल्टर फुंकला. गाडीत चांगलं पेट्रोल होतं, म्हणून त्याने पेट्रोलावर संशयच घेतला नाही. सुकरीच्या पापण्या मिटू लागल्या. जीभ जड झाली. ती काहीतरी म्हणाली, ते नीलाबाईलाही कळलं नाही. मग त्याने तिला पाठीवर घेतलं आणि नाल्यात उतरला. पलीकडे पोचला तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

माती दिल्यावर चौथ्या दिवशी तो गाडी ढकलत गफ्फारभाऊकडे गेला. एवढी वाट ढकलत. मिस्त्रीने काही न विचारता टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर पाणी.

"ओल पेली यानं. वरचं भी जुनं होऊन मेलं."

"मंग घरी पहिल्या किकेत कशी लागली?"

"कार्बोरेटरच्या वाटीत साधं उरलं होतं. दीड किलोमीटर त्याच्यावर चालली."

झिंगूने बाटली हातात घेतली. "भाऊ, साधं टाकीतच राहू देलं असतं तं?"

गफ्फारभाऊ फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"पोचला असता," तो म्हणाला.

मिस्त्रीने टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, घरी जाण्यापुरतं पेट्रोल घातलं. झिंगू घरी आला. त्या दोन बाटल्या अजून दाराशीच उभ्या होत्या. त्याने त्या टाकीत रिकाम्या केल्या, आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि गाडी परत वळवली. मुरमाची वाट, नाला, चढ, डांबरी रस्ता. गाडी कुठेच अडली नाही.

आरोग्य केंद्राच्या पायऱ्यांशी तो थांबला, तेव्हा करिश्मा सिस्टर नेहमीसारखी धावत बाहेर आली. झिंगू आला म्हणजे कोणीतरी मागे असतंच.

"झिंगूभाऊ, पेशंट कुठी हाय?"

त्याने केंद्राच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चाळीस मिनिटं लागते, बाई," तो म्हणाला, आणि रिकाम्या सीटवरचा हात त्याने उचलला नाही.