गावरान पिकअप

आमच्या घरात 'हायब्रीड' हा शब्द मोठ्यानं उच्चारायला बंदी आहे. कारण मीच.

लातूरजवळच्या मुरुडला आमची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. आमची म्हणजे माझ्या बायकोची, सुवर्णाची. मी फक्त रोपं पोचवतो. जुना पिकअप दर फेरीला कुठंतरी बंद पडायचा आणि मी उतरून ढकलायचो. एकदा औशाच्या अलीकडं तो असा रुसला, की मिरचीची सगळी रोपं उन्हात माना टाकून बसली. सुवर्णा रडलीच. मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ठरवलं, आता नवा पिकअप! आणि घेईन तर टॉप मॉडेल, तेही हायब्रीड!

आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी तक्ता केला: साधं, मधलं, टॉप. टॉपला काय नव्हतं! टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, गुबगुबीत सीट! (यातलं रोपांना काय लागतं, हा रकाना मी आखला नव्हता.)

माझे वडील, अप्पा, तक्त्यावर वाकले.

"हायब्रीड? म्हंजे आपल्या ज्वारीवाणी?"

"तसं न्हाई अप्पा! सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होतंय. डिझेल वाचतंय."

"त्या ज्वारीच्या भाकरीला चव हाय का? अन् बी दरसाल नवं घ्यावं लागतंय. गाडीबी दरसाल नवी घिणार हाईस का? गावरान बघ, लेका!"

सुवर्णानं तक्ता एकदाच पाहिला. "टॉप अन् साध्याच्या फरकात रोपांवर सावलीला माझं नवं शेडनेट होतंय."

"अगं, एकदा चालवून तर बघू!" मी हट्टाला पेटलो होतो. गाडी तिच्या नावावर, सही तिची. ती 'व्हय' म्हणाली तरच माझी टचस्क्रीन!

"चला. पण रस्त्यात बंद पडली, तर मी सही करणार न्हाई."

लातूरच्या शोरूममधून टॉप मॉडेल घेऊन चक्कर मारायला निघालो. शेजारी सेल्समन, मागच्या सीटवर अप्पा आणि सुवर्णा. (टॉपला मागची सीट असते, म्हणून हौदा आखूड. सुवर्णानं घरून आणलेला रोपांचा ट्रे ठेवून ते मोजलंच होतं!) तरी मी जिद्द सोडली नाही. मायलेज, टॉर्क, तंत्रज्ञान... माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

सिग्नल लागला. गाडी न्यूट्रल केली, क्लचवरचा पाय काढला. इंजिन बंद.

आता खरं तर मी ऐटीत वळून म्हणायला हवं होतं, "बघा, हेच ते हायब्रीड!" पण इतक्या वर्षांची सवय! इंजिन गप्प झालं आणि मी दार उघडून खाली. थेट मागं जाऊन हौद्याला खांदा लावला आणि ओरडलो, "अप्पा, उतरा! सुवर्णा, चल, ढकल!"

अप्पा बिचारे उतरलेसुद्धा. एक रिक्षावाला धावत आला.

"मामा, बॅटरी गेली का?"

"न्हाई," अप्पा खांदा लावत म्हणाले, "हायब्रीड हाय!"

आत सेल्समन हँडब्रेक ओढून ओरडत होता, "सर! सर! बंद नाही पडली!" सिग्नल सुटला. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ! शेवटी तोच माझ्या जागेवर सरकला, क्लचवर पाय दिला, गाडी सुरू झाली आणि निघूनही गेली. भर चौकात मी आणि अप्पा, हवेला खांदा लावून! मागच्या काचेतून सुवर्णा दिसत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सही झाली, साध्या मॉडेलवर. शेडनेटही आलं. अप्पांनी पेंटरकडून गाडीच्या मागं मोठ्या अक्षरांत 'गावरान' लिहून घेतलं.

आता घरात हायब्रीड एकच उरलंय, ते म्हणजे मी. थांबलो की आपोआप बंद, सुवर्णानं पाय आपटला की लगेच सुरू! फक्त दरसाल नवा मिळत नाही, एवढीच तिची तक्रार आहे.