हिरड्यांची मावशी

माणूस भेटलं की लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. आमची मावशी तोंडाच्या आत बघायची. "कशी शे?" हे विचारायच्या आधी "तोंड उघाड" असा हुकूम सुटायचा. समोर रिक्षावाला असो, बमरोलीहून आलेला कारागीर असो किंवा शेजारच्या गुजराती बेन असोत, हुकूम तोच. एकदा भर रस्त्यात, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीसमोर तिनं माझी हनुवटी धरून वर केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी तपासणी संपल्यावर ती मैत्रिणीकडे वळली, "आते तू खोल, बेन." आणि त्या बापडीनंही निमूट तोंड उघडलं.

नव्वदीची सुरुवात होती. माझे वडील एका मिलच्या ऑफिसात कारकून, आम्ही मूळचे नाशिकचे. इकडे गुजरातेत, लिंबायतमध्ये, आमच्या खोलीला लागून मावशीची खोली; नातं शेजाराचंच. मावशीचं घर पारोळ्याकडचं, बोलीही तिकडचीच; नवरा लूमवर कारागीर, म्हणजे यंत्रमागावरचा कामगार. लूमच्या कारखान्यात बिडी पेटवायची सोय नाही, कापड पेटायची भीती. त्यामुळे जो तो गालात तंबाखू दाबून पाळी काढायचा. अशा गल्लीत हिरड्यांना काय तोटा? कुणाच्या सुजलेल्या, कुणाच्या रक्ताळलेल्या. सकाळी मावशीच्या ओट्यावर माणसं गाल धरून बसलेली असत.

औषध एकच. तिळाचं तेल, त्यात लवंगा, कडुनिंबाची साल आणि हळद. तेल कढलं की मावशी पायातली चांदीची जोडवी काढून, घासून, चुलीवर लाल करून त्यात टाकायची. तेल चर्र करायचं आणि बघणाऱ्यांचा निम्मा ठणका तिथेच जायचा. माझा भाचा आता दातांचा डॉक्टर होतोय. तो सांगतो की लवंगेच्या तेलात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण मिसळून हिरड्यांच्या जखमा भरतात का, यावर हल्ली प्रयोग चालतात. मी त्याला मावशीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आत्या, जोडवी टाकून काही होत नसतं. चांदी जोडव्यातच राहते." असेल बाई. त्यानं अजून मावशीच्या हातचं तेल लावून घेतलेलं नाही.

तेल लावताना ती बोलत राहायची. "दात पाव्हना शे, हिरडी घर शे. घर पडनं ते पाव्हना कोठे ऱ्हाई?" हे वाक्य गल्लीतल्या पोरांनाही पाठ होतं. मग तंबाखूवरून खरडपट्टी. कारागीर मान खाली घालून ऐकत, आणि ओट्यावरून उतरताच तंबाखूची पुडी उघडत.

पण स्वतः मावशी कुणाला दात दिसू देत नसे. बोलताना पदराचं टोक ओठांवर, हसू आलं तर भिंतीकडे तोंड. नव्या माणसाला वाटायचं, केवढी मर्यादशील बाई. आम्हा शेजाऱ्यांना कारण माहीत होतं. पहाटे तेलाच्या आधी तिच्या तव्यावर तंबाखू भाजला जायचा. तो काळाकुट्ट झाला की कुटून मिश्री डबीत, आणि मग संडासामागे उभं राहून उजव्या हाताच्या बोटानं दातांना. लवंगेच्या वासाखाली तो वास दडेल, असं तिला वाटायचं. दडत नव्हता. आमची आईच काय, सगळी गल्ली न कळल्यासारखं करत होती, कारण तेल तर सगळ्यांनाच हवं होतं.

तिची एकुलती मुलगी लता, माझ्याच वयाची. लहानपणी लताची दाढ दुखली. गावाकडे अशा वेळी पोरीच्या दाढेला चिमूटभर मिश्री लावतात. मावशीच्या आईनं मावशीला लावली होती, तशीच मावशीनं आपल्या बोटानं लताला लावली. दुखणं थांबलं, मिश्री मात्र थांबली नाही. मावशी तेल शिकली ती त्यानंतर. लग्नाच्या वयाला आली तेव्हा लताच्या हिरड्यांतून रक्त यायचं आणि तीही आईसारखा तोंडावर पदर धरायची. मावशी गल्लीभर दुसऱ्यांची तोंडं उघडायची, पण घरात पोर तोंड उघडून बोलू लागली की हिची नजर जमिनीला. इतकी शरम मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. ती बघून मलाच कसंनुसं व्हायचं.

भेस्तानहून पाहुणे लताला बघायला आले, तेव्हा मदतीला म्हणून मी होते. मुलगा कामाचा, माणसं सरळ. याआधीची दोन स्थळं हातची गेली होती. लतानं चहा दिला, ओठांवर पदर धरून नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मुलाची आई खूश झाली. "पोर मर्यादानी शे," ती म्हणाली. लताच्या वडिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मावशीनं फक्त गप्प राहायचं होतं.

ती राहिली नाही. "मर्यादा नही, बाई," ती म्हणाली. "पोरीन्या हिरड्या सडेल शेत. धाकली व्हती तवय मिश्री मीच लाई दिनी." आणि पदर खाली करून, कधी कुणाला न दाखवलेलं स्वतःचं तोंड तिनं त्या परक्या माणसांसमोर उघडलं. पुढचे दात लांब झाले होते, हिरड्या काळ्या पडून मागे सरल्या होत्या. "पुढे असं व्हस. नंतर म्हनाल, फसाडं." लताचे वडील संतापले. लता ढसाढसा रडायला लागली. मी कपबशांकडे बघत बसले.

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. मग लताला म्हणाली, "मिश्री आमना घर बी शे. तू सोडशी का?"

"सोडसू," लता म्हणाली.

"आनि तुम्ही?" तिनं मावशीला विचारलं. मावशी उठली. कपबशा गोळा करून ती मोरीकडे गेली.

लग्न झालं. लतानं मिश्री खरंच सोडली, आईचं तेल लावत राहिली. हिरड्यांतलं रक्त थांबलं. ते तेलानं थांबलं की सोडल्यानं, हे भाचाच सांगू जाणे. मावशीनंही एकदा डबी खाडीत फेकली. संध्याकाळी तव्यावरून पुन्हा धूर निघाला. ओट्यावर माणसं यायची ती येतच राहिली, पण "तोंड उघाड" हा हुकूम बंद झाला. आता तीच म्हणायची, "दखाडानं व्हई ते दखाड." दाखवायचं असेल तर दाखव, एवढंच. तंबाखूवरून तर ती कुणाला चकार शब्द बोलत नसे.

लताची मुलगी दात येण्याच्या दिवसांत आजोळी आली होती. सारखी किरकिरायची, मिळेल ते चावायची. मी तिला बघायला गेले होते. लतानं नुसतं तिळाचं तेल कोमट करून वाटी आईसमोर ठेवली. "माय, तुना हातखाल गल्ली बरी व्हयनी. इले लाव ना."

मावशीनं नातीकडे बघितलं. उजवा हात पुढे केला, साबणानं धुवून आली, पदराला पुसला, पुन्हा धुतला. मग वाटी माझ्याकडे सरकवली.

"तू लाव," ती मला म्हणाली. "मनं बोट नको."