थांब्यावर उभा करायचा पुरुष

साखरेच्या आजारामुळे माझ्या पायाच्या बोटाला जखम झाली. तंजावूरच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, एक दिवसाआड पट्टी बदला, नाहीतर बोट कापावे लागेल. तिथली सिस्टर पट्टी चांगली बांधते. हात हलका, तोंड तिखट, पैसा मागत नाही. त्या दवाखान्याला मी नावे ठेवणार नाही.

अडचण तिथे पोचण्याची. आमचे गाव कालव्याकाठी, ऑटो तिकडे फिरकत नाही. सरकारने टाउन बस बायकांना फुकट केली आणि तेव्हापासून थांब्यावर नुसत्या साड्या दिसल्या की ड्रायव्हर बस पुढे काढतो. म्हणून बायका एखादा पुरुष पुढे उभा करतात. आमच्यासाठी माझे धाकटे दीर पांढरी वेष्टी नेसून हात दाखवत. बस थांबली की आम्ही चढायचो आणि ते घरी कॉफीला परत.

ड्रायव्हर खुळा नव्हता. त्याने ओळखले आणि दिरांना पाहूनही थांबेना. माझी पट्टी चुकली, जखमेला वास येऊ लागला. शेजाऱ्याच्या मोपेडवर बसून गेले तेव्हा सिस्टर रागावली. म्हणाली, हे बसस्टँडवर जाऊन सांगा.

तिथल्या साहेबाने विचारले, "आजी, फुकट जाता, वर तक्रार करता?"

"फुकट आहे ते ठाऊक आहे. थांबत नाही ते सांगायला आले."

बघतो म्हणाला. अजून बघतोच आहे.

शेवटी दीर हातात पिशवी घेऊन उभे राहू लागले. पिशवी पाहून ड्रायव्हरला खरा उतारू वाटला आणि बस थांबली. ते खरोखर चढतात, तिकीट काढतात, पुढच्या थांब्यावर उतरून बांधावरून चालत परत येतात.

"वहिनी, तुमच्या बोटापायी माझे गुडघे जाणार," ते म्हणाले.

"जाऊ देत. सिस्टर त्यांनाही पट्टी बांधेल."

बोट भरत आले होते. गेल्या आठवड्यात दिरांना ताप आला. मी एकटीच पिशवी घेऊन थांब्यावर गेले आणि काठी आडवी धरली. बस काठीला वळसा घालून गेली. आता बोट पुन्हा लाल झाले आहे. उद्या सिस्टर मलाच बोलेल, आणि ऐकून घेण्यावाचून इलाज नाही. साऱ्या सरकारात आपले काम करणारी मला तेवढी एकच भेटली आहे.