पाठ केलेला रस्ता

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं रायपुरातल्या शाळेत गणित शिकवलं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा दिला. कोणत्या पोराच्या बाहीत चिठ्ठी आहे, हे मला त्याच्या बसण्यावरून कळायचं. मी निवृत्त झाले, पण ती नजर काही निवृत्त झाली नाही. आता पहारा द्यायला घरात एकच माणूस उरला आहे, आमचे हे.

हे रेल्वेत ड्रायव्हर होते. आता लोको पायलट म्हणतात. मालगाडीपासून सुरुवात करून मेल-एक्स्प्रेसपर्यंत पोचले आणि सबंध नोकरीत एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. दुसऱ्या कोणी सांगितलं की मान खाली घालून ऐकतात, आणि त्याचं सांगून झालं तरी विषय मात्र बदलत नाहीत.

आमची मुलगी न्यूझीलंडला असते. मागच्या उन्हाळ्यात तिनं फोनवर बेत मांडला. डिसेंबरात आम्ही दोघांनी तिकडे जायचं, आणि आठ दिवस गाडीनं त्या दक्षिण बेटाला चक्कर मारायची. जावयाला सुट्टी नव्हती. एकटीनं आठ दिवस गाडी चालवणं तिला झेपणार नव्हतं. "आधे रास्ते गाड़ी आप चलाओगे बाबा, आधे रास्ते मैं. आई और छोटी पीछे," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. छोटी म्हणजे आमची पाच वर्षांची नात. तिकडेही गाड्या डावीकडूनच चालतात, म्हणजे तोही प्रश्न नव्हता. यांनी लगेच "हव" म्हटलं. इतक्या लगेच हे कशालाच हव म्हणत नाहीत, तिथंच माझ्या कपाळाला पहिली आठी पडली.

मुलीनं कुठून कुठं किती तास लागतील ते नकाशाच्या ॲपवरून काढून पाठवलं. यांनी ते चष्म्याशी धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "ॲपनं कधी गाडी चालवली हाये का?" असं म्हणून बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि स्वतःचं टाइमटेबल मांडायला बसले. ॲप जिथं पाच तास म्हणत होतं, तिथं यांनी साडेसात लिहिले. चार तासांच्या जागी सहा. मुलगी हसली. मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं मिनिटांवर जगलेला माणूस अडीच तास उगाच वाढवत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून खटकली. रोजचा प्रवास दुपारी चारच्या आत संपवलेला होता. मुलगी तर म्हणाली होती, डिसेंबरात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

"अहो, चारलेच काहून थांबता? उजेड तर रातच्या नऊपर्यंत राह्यते म्हणे तिथं."

"परक्या देशात येळेवर मुक्कामाले पोचलेलं बरं."

"अन् साडेसात तास कशाचे?"

"घाट हायेत. वळणं हायेत. तुले काय समजते त्यातलं?"

मला त्यातलं समजत नव्हतं हे खरं. पण उत्तर तयार करून ठेवलेलं आहे, एवढं मात्र समजलं. मुलंही अशीच न अडखळता उत्तर देतात, तेव्हा त्यांच्या बाकाखाली वाकून पाहावं लागतं.

मग रोज सकाळी नाश्ता झाला की हे आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायला लागले. दार लोटलेलं. आतून पुटपुटणं ऐकू यायचं. या वयात काय काय भानगडी निघतात ते मी ऐकून आहे. एक दिवस चहाचं निमित्त करून दार ढकललं. पडद्यावर एक रस्ता पुढे सरकत होता. नकाशावाल्यांनी फोटो काढून ठेवलेला असतो ना, तसा तिकडचा खरा रस्ता. अक्षरं केवढी तरी मोठी केलेली. आणि हे डोळे मिटून म्हणत होते, "लाल छताचं घर, मग उतार, मग डावं वळण, मग पूल."

मी सुटकेचा श्वास टाकला. हे मला ओळखीचं होतं. रेल्वेत ड्रायव्हरला नव्या मार्गावर एकदम गाडी देत नाहीत. आधी त्या मार्गाचा जाणता ड्रायव्हर गाडी चालवतो आणि नवा त्याच्या मागं उभा राहून सिग्नल, चढ, वळणं पाठ करतो. याला ते लर्निंग रोड म्हणतात. अशा फेऱ्या झाल्या की रजिस्टरात लिहून द्यावं लागतं की मला हा मार्ग आला, आणि खाली सही. सही केली की जबाबदारी अंगावर. लग्नानंतर यांची पहिल्यांदा बदली झाली, तेव्हा हे जेवतानाही पोळीच्या तुकड्यांनी स्टेशनं मांडायचे. म्हणजे म्हातारा हौसेनं न्यूझीलंडचं लर्निंग रोड करत होता. मला त्यांचं कौतुकच वाटलं. दोन दिवस वाटलं.

तिसऱ्या दिवशी हे न्हाव्याकडे गेले आणि मी वही उघडली. उघडायला नको होती, पण मी उघडली. पहिल्या दिवसाच्या पानावर घरं, झाडं, वळणं होती. ते ठीक. पण प्रत्येक बोर्डाच्या जागी त्या बोर्डावर काय लिहिलंय तेही उतरवलेलं होतं. पुढे अरुंद पुलांची यादी होती. तिकडे एका वेळी एकच गाडी जाईल असे कितीतरी पूल आहेत. कोणी थांबायचं आणि कोणी जायचं, हे पुलाच्या आधीच्या बोर्डावर बाणांनी दाखवलेलं असतं. लाल बाण आपला असेल तर आपण थांबायचं. वहीत प्रत्येक पुलापुढे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "थांब" किंवा "जा".

मी वही मिटली. जो बोर्ड रस्त्यावर उभाच आहे, तो पाठ कशाला करायचा?

एकदा हा प्रश्न पडल्यावर मागचं सगळं गोळा व्हायला लागलं. संध्याकाळच्या लग्नांना हे यायचे बंद झाले होते. "आजकालच्या जेवणात दम नाही," म्हणायचे. पेपर वाचून झाला म्हणायचे आणि बातमी मात्र मला विचारायचे. तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीतून गाडी सफाईनं काढायचे, पण तिथला खड्डा न् खड्डा त्यांना तीस वर्षांपासून तोंडपाठ. सबंध रायपूरच पाठ. पाठ असलेल्या शहरात कोणाला काय कळणार?

मला भीती वाटली. त्या गाडीत माझी नात बसणार होती. आणि रागही आला, की हा माणूस माझ्याशी खोटं बोलतो. पण तोंडावर विचारलं तर हे कबूल करणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. नोकरीत असताना ठरावीक वर्षांनी डोळ्यांची तपासणी व्हायची. त्यात नापास झालेला ड्रायव्हर इंजिनावरून उतरायचा आणि कुठल्यातरी ऑफिसात खुर्चीवर फायली हलवत बसायचा. यांच्या सोबतचे दोघं तसे उतरले होते. तपासणी जवळ आली की हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख विचारायची. त्या खुर्चीची धास्ती निवृत्तीनंतरही गेलेली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की यांना हटकून दुसरं काम आठवायचं.

म्हणून मी पेपर काढायचं ठरवलं.

रविवारी सकाळी हे सरावासाठी शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपुरात गाडी न्यायचे. रस्ते रुंद, गाड्या तुरळक. मला नेहमी सोबत घ्यायचे, तेही पुढच्या सीटवर. "तू समोर बसली का मले गाडी चालवाले बरं वाटते," असं दोनेक वर्षांपासून म्हणायला लागले होते. चाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याबद्दल काढलेला हा एकमेव गोड शब्द. मी तो जपून ठेवला होता.

त्या रविवारीही समोर बसले. गाडी छान चालली होती. चौकातल्या सिग्नलला नेहमीप्रमाणे यांनी पाण्याची बाटली काढली. "सुटला का गं सिग्नल?" मी म्हटलं, सुटला. निघालो. पुढचा लांबलचक रस्ता थेट उन्हाच्या तोंडाशी जात होता. दूर मला एक पिवळा बोर्ड दिसला. मागच्या रविवारी तो नव्हता. "आगे रास्ता बंद है, बाएँ मुड़ें." त्याच्या आड जुना हिरवा बोर्ड अर्धा झाकला गेला होता.

"अहो, तो समोरचा बोर्ड काय म्हणते?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मंत्रालय, सरळ," हे म्हणाले. क्षणाचाही वेळ न लावता.

शाळेत अशी पोरं असायची. प्रश्न बदलला तरी पाठ केलेलं उत्तर लिहून मोकळी व्हायची. त्यांना पकडल्यावर मला आनंद व्हायचा. त्या दिवशी नाही झाला.

"थांबा," मी म्हणाले. "आत्ता थांबा."

नोकरीची सवय, यांनी का म्हणून विचारलं नाही. गाडी थांबली. पुढे शंभरेक पावलांवर पत्रे उभे केलेले होते आणि पत्र्यांच्या पलीकडे रस्ता खोदलेला होता. यांनी तिकडे बघितलं. मग चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं.

"पिवळा हाये का?" त्यांनी विचारलं.

"हव. पिवळा हाये. रस्ता बंद हाये म्हणते."

मी खूप काही बोलणार होते. महिनाभर मनात जुळवून ठेवलं होतं. पण घर वीस-पंचवीस किलोमीटर लांब होतं, मला गाडी चालवता येत नाही आणि मुलगी सात समुद्रापार. गाडी घरी न्यायला तेच होते. कोणाला तरी बोलवावं हे खरं तर मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

"तुम्ही हळू चालवा," मी म्हटलं. "मी सांगते तसं."

इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात. एकानं पाहिला की बोलायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही. हे मी यांच्याकडूनच ऐकलेलं. मी म्हणाले, "समोर सायकलवाला." हे म्हणाले, "सायकलवाला." मी म्हणाले, "लाल." हे म्हणाले, "लाल." पाण्याची बाटली जागेवरच राहिली. घर येईपर्यंत हेच चाललं.

घरी आल्यावर यांनी वही आणून माझ्यासमोर टाकली. "पाह्यली असशीलच तू," म्हणाले. "शेवटचं पान पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. पुलांची यादी वाचून मी चोर पकडल्याच्या घाईत वही मिटली होती. शेवटच्या पानावर रेल्वेच्या रजिस्टरात लिहितात तसं, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. वर दिलेला मार्ग मी शिकलो असून त्यावर गाडी चालवण्यास मी सक्षम आहे. खाली सहीची जागा आखलेली. ती कोरी होती.

"तीन मयने झाले लिहून," हे म्हणाले. "रोज पेन उचलतो. सही होऊन नाही राहिली."

मला रडू आलं. मी त्यांना कॉपी करणारा पोरगा समजत होते, आणि हा माणूस कोरा पेपर धरून हॉलमध्ये एकटाच बसला होता.

बारा वाजता मुलीचा फोन आला. दर रविवारी येतो. पडद्यावर ती होती, मागं छोटी पलंगावर उड्या मारत होती. "बाबा, टाइमटेबल फाइनल हुआ कि नहीं?" तिनं विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर यांनी हातानं थांबवलं.

"गाडी मी चालवणार नाही, बेटा. मले बोर्ड दिसत नाही."

तिला आधी थट्टा वाटली. मग तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांना दाखवलं का, म्हणाली. उद्याच जातो, हे म्हणाले. ट्रिप छोटी करू, रोज तीन तास मीच चालवीन, ती म्हणाली. यांनी होकारार्थी मान डोलावली. मग तिनं विचारलं, "कब से नहीं दिखता?"

"दोन वर्षं झाले असतीन."

मी एक वर्ष धरलं होतं.

"दो साल?" ती जवळजवळ ओरडली. "पिछली दिवाली में तो आप हमको एयरपोर्ट से लेकर आए थे! शाम को! छोटी को लेकर! गाड़ी कैसे चलाई आपने?"

यांनी फोन किंचित माझ्याकडे वळवला.

"तुझी आई समोर बसून होती ना," ते म्हणाले. "तिले इचारत इचारत आणली."

मला ती संध्याकाळ आठवली. मी मागं नातीजवळ बसायला निघाले होते आणि यांनी पुढचं दार उघडून धरलं होतं. तू समोर बसली का मले गाडी चालवाले बरं वाटते. मग सबंध रस्ताभर, सुटला का गं सिग्नल, बाटलीचं झाकण लागत नाही, तो समोर ट्रकच ना, असं हे विचारत राहिले आणि मी कौतुकानं उत्तरं देत राहिले. या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मी संशय घेतला. फक्त त्या एका वाक्यावर घेतला नव्हता.