फरशीवरचं औक्षण

पायगाडीवर जन्मात एकदाही न बसता पायगाडीच्या शर्यती लढवणारा माणूस सबंध माळव्यात एकच होऊन गेला, आणि ते म्हणजे आमचे चुलतसासरे. त्यांची हातातोंडाशी आलेली एकुलती एक शर्यत घालवली ती मी, भर रस्त्यात, हातात पेटतं निरांजन घेऊन. नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, आजी, तू तेव्हा लहान होतीस. लहान कसली, चांगली लुगडं नेसत होते. अक्कल तेवढी परकरात होती.

नुकतीच मी धारहून देवासला सासरी आले होते. पायगाडी, म्हणजे आता तुम्ही सायकल म्हणता ती, मी त्याआधी एकदाच पाहिली होती. मांडूच्या घाटात एक गोरा साहेब ती हाताला धरून, घामाघूम होत, वर चढवत होता. त्यामुळे पायगाडी म्हणजे माणसाने फिरायला न्यायचं एक जनावर, अशी माझी पक्की समजूत. सासरी येऊन बघते तर तीच समजूत बाळगणारं घरात आणखी एक माणूस होतं. चुलतसासऱ्यांना सगळा गाव काकाजी म्हणे. ते दरबारच्या पागेत कारकून. तरुणपणी घोड्यावरून पडून एक पाय आखूड झाला, तेव्हापासून मांड गेली आणि दाणावैरण लिहायची बैठक आली. पण नजर गेली नव्हती. धाकट्या भाऊजींची पायगाडी बाहेरून आली की काकाजी आधी तिच्या मागच्या चाकावर दोनदा थोपटायचे, मग वाकून साखळी बघायचे आणि म्हणायचे, "आज दमवलंस रे हिला. जरा सावलीत बांध." आणि भाऊजी ती खरंच निंबाखाली दाव्याने बांधत. खंडेनवमीला देवापुढे तलवार, दौत-लेखणी आणि हवा भरायचा पंप अशी तिघांची एका ओळीत पूजा व्हायची. पंपाला झेंडूची माळ जरा मोठीच असे.

कुणी नवखा विचारी, "काकाजी, आपण स्वतः कधी बसलात का हो हिच्यावर?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "न्यायाधीश कधी फासावर चढून बघतो का?"

घर सगळं पुरुषांचं. सासू-सासरे मी यायच्या कितीतरी आधी गेलेले. सासूबाई गेल्या तेव्हा धाकटे भाऊजी रांगत होते म्हणे. दोघा पोरांना वाढवलं ते काकाजींनी, आणि वाढवलं तेही शिंगरांसारखं: पहाटे उठवायचं, पळवायचं, भिजवलेले हरभरे आणि गूळ खायला घालायचा. आमचे हे त्यातून सुटून दप्तरात चिकटले. भाऊजी सापडले ते सापडलेच.

आता शर्यतीचं सांगते. तेव्हा आमच्या देवासात राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारातल्या आमच्या रस्त्याची ही कड एका सरकारची, ती कड दुसऱ्याची. आमच्या ओट्यावरून थुंकलेलं पान समोर पडलं तर ते परमुलखात गेलं. दसऱ्याला दोन्ही पात्यांची पोरं देवीच्या टेकडीच्या पायथ्यापासून निघून क्षिप्रेपर्यंत जात आणि परत पायथ्याशी येत. जाताना गावाबाहेरून धुळीचा सडा रस्ता, त्यात पाहण्यासारखं काही नाही. गंमत यायची ती परतताना आमच्या बाजारात, कारण तिथे होती फरशी. काळ्या दगडांची, कासवांच्या पाठी एकीला एक लावून ठेवाव्यात तशी. आपापल्या बाजूची फरशी प्रत्येक सरकारने बसवलेली, आणि मधली फट दोघांनीही एकमेकांवर सोडलेली. क्षिप्रेपासून वाऱ्यासारखी आलेली पोरं त्या फरशीवर चढली की लाह्यांसारखी उडत.

समोर धाकट्या पातीत एका हलवायाचं दुकान. त्याचा भाचा म्हणजे मावा खाऊन पोसलेला पहाड. तो फरशीवर उडतच नसे. त्यामुळे दर दसऱ्याला तोच जिंकायचा, आणि दर दसऱ्याला तो का जिंकला हे काकाजी संक्रांतीपर्यंत समजावून सांगायचे. संध्याकाळी आमच्या ओट्यावर थोरल्या पातीची मंडळी जमत, समोरच्या ओट्यावर धाकट्या पातीची, आणि मधून दोन राज्यांची हद्द ओलांडून बोलणी चालत. कुणी पुलाच्या चढावर घाई केली, कुणी दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवला, कुणाचे गुडघे बाहेर पडतात, कुणाचा दम नाकातून जातो. "तुझा भाचा जिंकला नाही, त्याचं वजन जिंकलं," काकाजी म्हणत. हलवाई झारा निथळत शांतपणे म्हणे, "काकाजी, हर साल तमारी जबान जीते, ने म्हारो भाणेज."

हे डावपेच जेवतानाही थांबत नसत. पानात बाफले, म्हणजे माळव्यातले उकडून भाजलेले कणकेचे गोळे, पडले की काकाजी ते कुस्करून त्यांची फरशी करत. भाताची मूद ही टेकडी, वरण ही क्षिप्रा, हरभऱ्याची उसळ असली की एकेक दाणा एकेक स्वार. लिंबाची फोड म्हणजे हलवायाचा भाचा. मी नवी सून, पुढे होऊन पळीभर वरण वाढलं की क्षिप्रेला पूर येई आणि सगळे स्वार बुडत. "सूनबाई, जरा थांब, अजून कुणी पूल ओलांडलेला नाही," असं ते इतक्या अजिजीने सांगत की मी पळी हातात धरून शर्यत संपायची वाट बघत उभी राही.

त्या वर्षी मात्र काकाजींनी ठरवलं होतं की नुसतं बोलायचं नाही. श्रावणापासूनच पहाटे उठून, जोडे काढून, काठी टेकत ते अनवाणी फरशीवर फिरत. कोणता दगड हलतो, कोणता निसरडा, सगळं तळव्याने बघत. दगडांना नावं ठेवलेली होती. एक म्हैस, एक बोळकी म्हातारी, आणि एक जावई, म्हणजे दिसायला गुळगुळीत पण पाय दिला की रुसणारा. तांब्याने पाणी ओतून ते कुठून कुठे वाहतं हेही पाहायचे. हलवायाला वाटलं, काकाजी करणी करताहेत. त्याने दुकानावर लिंबू-मिरची टांगली. त्या सगळ्या फिरण्यातून काकाजींचा डाव निघाला तो असा: फरशी लागायच्या आधी मारुतीच्या देवळापाशी दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडायची, म्हणजे चाक दगडावर उडणार नाही, दगडाला कवटाळून जाईल. हँडल मुठीत आवळायचं नाही, घोड्याचा लगाम धरतात तसं सैल धरायचं. आणि बोळक्या म्हातारीपाशी सरळ रस्ता ओलांडून धाकट्या पातीच्या गटाराकडेने जायचं, कारण सपाट दगड काय ते तिथेच होते. शत्रूच्या मुलखातून शत्रूला हरवायचं. हा डाव सांगताना त्यांनी बाफल्याचे असे बारीक तुकडे केले की मला वाटलं, आज जेवणारच नाहीत.

आणि भरल्या ओट्यावर ते समोर बघून बोलून गेले, "भिया, यंदा माझं पोर हरलं, तर पुढल्या दसऱ्यापर्यंत शर्यतीबद्दल अवाक्षर काढणार नाही." समोरचा ओटा आधी हसला, मग हलवायाने झारा खाली ठेवला. काकाजींना जेवण सोडायला सांगितलं असतं तर ते सोपं होतं.

दसऱ्याला मी सकाळपासून तबक सजवून बसले. आमच्या धारच्या घरी आजीची शिस्त होती: सीमोल्लंघन करून आलेल्याला ओवाळल्याशिवाय दारावरून पुढे जाऊ द्यायचं नाही, अपशकुन होतो. भाऊजी तर क्षिप्रा ओलांडून येणार, याहून मोठं सीमोल्लंघन ते कोणतं. शर्यत कुठे संपते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोलणं रात्रंदिवस आमच्या दारासमोरच्या फरशीचं, तेव्हा शर्यतही तिथेच संपत असणार, हे मी आपलं धरून चाललेलं. टेकडी तिथून हाकेच्या अंतरावर, पण पुढे.

आणि आले भाऊजी. पहिले. हातभर मागे नाही, चांगला बाजारभर मागे तो पहाड. बोळक्या म्हातारीपाशी भाऊजींनी रस्ता ओलांडला, आणि धाकट्या पातीच्या गटाराकडेने गाडी अशी आली जशी ताकावरून लोण्याचा गोळा. काकाजी आखूड पायावर उभे. हलवायाचा झारा हवेत. मी पदर खोचला, ओट्यावरून उतरले, आणि तबक घेऊन रस्त्याच्या मधोमध, नेमकी दोन राज्यांच्या फटीवर, उभी राहिले.

भाऊजींनी घंटी वाजवली. मला वाटलं, आनंदाने वाजवताहेत. मी तबक पुढे केलं. त्यांनी ब्रेक दाबला, माझ्याकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, आणि गाडीवरून खाली उतरले. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तेवढ्यात वाऱ्याने निरांजन विझलं. "थांबा भाऊजी," असं म्हणून मी आत जाऊन ते पेटवून आणलं. ते थांबले. मी ओवाळायला लागले तेव्हा पहाड आमच्या शेजारून धाडधाड निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, झालं?"

"सुपारी राहिली," मी म्हटलं.

सुपारी ओवाळून होईपर्यंत टेकडीकडून आरोळी उठली. तबकात टाकायला भाऊजींकडे काही नव्हतं, त्यांनी हँडलला बांधलेलं झेंडूचं फूल काढून ठेवलं आणि बाहीने डोळे पुसले. मला वाटलं, धूळ गेली असेल. मग मी वर पाहिलं. काकाजी ओट्यावर खाली बसत होते, अगदी सावकाश, घोड्यावरून उतरावं तसे.

शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून काकाजींनी शर्यतीचं नाव काढलं नाही. बाकी सगळं बोलायचे, मिठाचं, हवेचं, पागेतल्या तट्टांचं. मला एक वेडावाकडा शब्द नाही. पण म्हणूनच मला जास्त भीती. यांना विचारलं, "काकाजी रागावलेत का हो माझ्यावर?" तर हे म्हणाले, "विषय शर्यतीचा आहे. वर्षभर त्यांना विचारता येणार नाही." दप्तरातली माणसं अशीच बोलतात.

पानात बाफला बाफलाच राहिला. मी मुद्दाम पानभर वरण वाढलं, पूर आला, कुणी बुडालं नाही. माझ्याच्याने ते बघवेना. मग मी त्यांना बोलतं करायला निघाले. तांदूळ निवडता निवडता ते ऐकतील असं मी भाऊजींना म्हणायचे, "चाकात हवा अगदी गच्च भरली म्हणजे गाडी दगडावरून छान उडत जात असेल, नाही?" काकाजींना ताकाचा ठसका लागे. "हँडल घट्ट आवळून धरावं बाई, नाहीतर पडायचं माणूस." काकाजी उठून विहिरीवर जात आणि गरज नसताना दोन घागरी ओढत. एकदा मी म्हटलं, सपाट दगड आपल्याच बाजूला आहेत. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यांच्यापेक्षा वाईट दशा हलवायाची. जिंकून काय करायचं, हरलेला बोलतच नाही. त्याचा ओटाही ओस पडला. एका संध्याकाळी तो द्रोणात गरम जिलबी घेऊन हद्द ओलांडून आला, आमच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "काकाजी, एक बात तो बोलो. झूठी बोलो, पण बोलो." काकाजींनी जिलबी खाल्ली आणि पाक जरा पातळ झालाय, एवढंच म्हणाले. दोन म्हातारे दिवेलागणीपर्यंत त्या फरशीकडे बघत होते. मी दाराआड उभी राहून, लग्नात रडले नव्हते तेवढी रडले.

आता त्या फरशीवर डांबर आलंय. कासवं आहेत खाली, पण पाठी दिसत नाहीत. दोन्ही सरकारं गेली, काकाजी गेले, पहाडाची नातवंडं मोटारीतून फिरतात. तिथून जाताना आजही बोळक्या म्हातारीपाशी माझा पाय आपोआप पलीकडे वळतो.

तर सांगत होते, पुढला दसरा उजाडला. शब्द सुटणार म्हणून सकाळपासून दोन्ही ओटे भरले. वर्षभर साठलेलं काकाजी आता काय काय सांगतील ते ऐकायला लोकांनी पोरंबाळंही आणलेली. हलवाई दुकान उघडं टाकून आमच्या पायरीवर. काकाजी आंघोळ करून, पागोटं घालून बाहेर आले. मी दाराआड, कारण आता पहिला शब्द माझ्याबद्दलच निघणार. ते बसले नाहीत. ओट्यावरच्या मंडळींकडे त्यांनी पाठ केली, काठी टेकत उंबऱ्यापाशी आले आणि म्हणाले,

"सूनबाई, गेल्या साली मी हिशेबात वारा धरला, ऊन धरलं, फरशीचा एकेक दगड धरला. घरात ओवाळणारं माणूस आलंय, एवढंच धरायचं राहिलं. ह्या धाकट्याची आई गेल्यापासून तशी सवयच नव्हती ना कुणाला. यंदा तबक घेऊन टेकडीच्या पायथ्याशी उभी राहा. तुला पाहिलं की पोर उतरणारच, ते तिथे उतरू दे."